फौजदार आपटला तेव्हा

कुरुंदवाडात त्या आठवड्यात दोन जुन्या मैत्र्या तुटल्या आणि एका घरात सख्ख्या भावांनी अबोला धरला, आणि हे सगळं एका करकोच्यापायी. करकोचाही खराखुरा नव्हे, टीव्हीतला. तोही जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीच्या टीव्हीतला.

वादाचा मुद्दा एवढाच, की तो करकोचा हौदात पालथा पडला तेव्हा भूपालअण्णा काय म्हणाले होते?

"'फौजदार, साबण देऊ का?' असं म्हणालेले अण्णा," बेकरीवाले शीतल चौगुले गल्ल्यावर हात आपटत म्हणाले. "मी सोत्ता ऐकलंय. हसून हसून उचकी लागलेली मला."

"उचकी लागलेली, म्हणूनच तुला नीट ऐकू आलं न्हाई," त्यांचे बालमित्र अजित कडोले काउंटरच्या अलीकडून म्हणाले. "अण्णा म्हणालेले, 'फौजदारांचा तपास लई खोलवर चाललाय!' त्यात साबणाचा काय संबंध?"

दोघांच्याही डोक्यावरचे केस कधीच रजा घेऊन गेलेले, एकाला शुगर, एकाला बीपी. पण भांडत होते ते अर्ध्या चड्डीतल्यासारखे. तेवढ्यात त्रिशला मगदूम पाव घ्यायला आत आली आणि दोघेही एकदम गप्प झाले. त्रिशलाबाई हायस्कूलच्या मुख्याध्यापिका. त्यांच्यापुढं गावात कुणी मोठ्यानं शिंकतसुद्धा नसे. शिवाय ज्यांच्या बोलण्यावरून भांडण जुंपलं होतं, त्या भूपालअण्णांची ती एकुलती एक मुलगी.

"तुमच्या दोघांच्याही आठवणींना गंज चढलाय," पावाची पिशवी उचलत ती म्हणाली. "रविवारी शाळेच्या हॉलमध्ये या. टोपडं घाला. मग खरं काय ते कळेल."

"येतो की बाई," दोघे एका सुरात म्हणाले. ती बाहेर पडली आणि मागं साबणाचा विषय पुन्हा सुरू झाला.

या टोपड्याची गोष्ट सांगायची तर आधी अण्णांची सांगायला हवी.

गावात केबल आली ती भूपाल मगदुमांनी आणली. घराच्या गच्चीवर एक छत्री, एक पत्र्याची खोली, खोलीत दोन व्हीसीआर आणि तारांचं जंजाळ. या खोलीला सारा गाव मोठ्या आदरानं 'कंट्रोल रूम' म्हणायचा. एकदा इचलकरंजीच्या कुणा सूतव्यापाऱ्यानं परदेशातून आणलेली एक कॅसेट अण्णांच्या हाती आली. कुठल्यातरी बर्फाळ देशातली कार्टून्स होती. एक लांब टांगांचा, टोपीवाला करकोचा आणि एक चिमुकला बेडूक. करकोच्यानं बेडकाच्या मागं लागायचं आणि दर मिनिटाला कुठंतरी धडकायचं, घसरायचं, चेपायचं, फुगायचं. फक्त कॅसेटचा आवाज गेलेला होता. अण्णांनी काय केलं, 'उद्या लाईट नसल्यानं केबल बंद राहील' हे सांगायला ठेवलेला माईक ओढला आणि चित्राबरोबर स्वतःच बोलायला लागले. करकोच्याचा त्यांनी फौजदार केला आणि बेडकाचा बारक्या. फौजदार कुरुंदवाडच्या गल्ल्यांतून बारक्याचा पाठलाग करू लागला, घाटावरून नदीत पडू लागला, बाजारात वांग्यांच्या ढिगात तोंडघशी जाऊ लागला. दर रविवारी सकाळी गल्ल्या ओस पडत. कॅसेट एकच होती, कार्टून्स मोजकीच होती, आणि ती वर्षानुवर्षं लागली. कुणालाही कधी कंटाळा आला नाही.

एक मुलगी तेवढी ते बघत नसे. शाळेत तिला 'कार्टूनची पोरगी' म्हणायचे. रविवारी सकाळी वर गच्चीवर वडिलांचा आवाज चढला, की त्रिशला मागच्या खोलीत गणिताचं पुस्तक घेऊन बसायची आणि कानांत बोटं घालायची. आपण असं काही व्हायचं, की आपल्याला बघून कुणाला हसू येणार नाही, हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं. आणि ती अगदी तशीच झाली.

मग डिजिटल आलं, केबल गेली, कंट्रोल रूमचं सामान तळघरात गेलं आणि मोठ्या पुरात तळघरच पाण्यात गेलं. अण्णांचा तो आवाज कुणी टेप केलेला नव्हता. तो हवेत बोललेला आणि हवेत विरलेला.

आणि या माघ महिन्यात अण्णांना अर्धांगाचा झटका आला. हातापायांत ताकद परतली, काठी घेऊन फिरू लागले, समोरच्याचं सगळं कळत होतं. वाचा मात्र गेली. मेंदूच्या डाव्या बाजूला शब्द जुळवणारा जो भाग असतो, तिथलाच रक्तपुरवठा तुटला होता. चहा हवा असो, पाठ दुखो, कुणी वारलेलं कळो, तोंडातून दोनच शब्द निघत, "चालू हाय." आयुष्यभर गिऱ्हाइकांना फोनवर हेच सांगितलेलं, तेच तेवढं शिल्लक राहिलं होतं. गंमत अशी, की णमोकार मंत्र ते पहिल्यापासून शेवटपर्यंत खणखणीत म्हणत. पण 'पाणी' म्हणता येत नसे.

"असं होतं," सांगलीच्या वाचोपचारतज्ज्ञ बाईंनी त्रिशलाला समजावलं होतं. "पाठ झालेलं, लयीतलं बोलणं मेंदूच्या उजव्या बाजूनंही चालतं. ती वाट शाबूत आहे. मंत्राच्या वाटेनं स्वतःच्या बोलण्याकडं जाता येत नाही, कारण मंत्रात आपण काही बदलत नाही. त्यांचं दुसरं असं काही लयीतलं आहे का, जे बोलण्याच्या जवळचं असेल? असेल तर ऐकवा. पण लवकर. पहिल्या सहा महिन्यांत जे परत येत नाही, ते पुढं सहसा येत नाही."

पाच महिने होऊन गेले होते. मधल्या काळात एक बोलकी पाटी आणून झाली. अण्णा चित्रावर बोट ठेवत आणि पाटी वृत्तनिवेदिकेच्या मधाळ आवाजात म्हणे, "मला पाणी हवे आहे." अण्णांनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी पाटी पिठाच्या डब्यात सापडली. त्यानंतर ते खिडकीशी बसून राहायला लागले. ज्या माणसाच्या बोलण्यासाठी सारा गाव थांबायचा, तो माणूस डोळ्यांदेखत गप्प होत चालला होता. त्यांचं ते रविवारचं बोलणं त्रिशलाला त्यांनाच ऐकवायचं होतं, आणि ते तिला स्वतःला आठवतसुद्धा नव्हतं, कारण तिनं कानांत बोटं घातली होती.

तेव्हा तिनं पुण्याला नियाज मुजावरला फोन केला. नियाज गावचाच. लहानपणी मगदुमांच्या समोरच्या घरात राहायचा, आता मेंदूविज्ञानाच्या एका संस्थेत संशोधक होता.

"ताई," सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम चढला, "अण्णांचा आवाज कुठं गेलेला नाही! तो आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आहे. मी येतो. ते कार्टून शोधून आणतो, यंत्रं आणतो. तू फक्त माणसं गोळा कर."

यंत्राचं खरं नाव श्रवणस्मृती-संकलक. गावानं पहिल्याच दिवशी त्याचं 'टोपडं' केलं, कारण ते डोक्यावर चढवून हनुवटीखाली बांधलं, की भला मिशीवाला माणूसही पाळण्यातल्या बाळासारखा दिसायचा.

रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. त्या काळी जे पाच ते पंधरा वर्षांचे होते, ते सगळे आले होते. कुणी पुण्याहून, कुणी बेळगावहून, एक बाई तर विमानानं बंगळूरहून. नातवंडांना बाहेर पटांगणात सोडून आजी-आजोबा टोपडी बांधून रांगेत बसले होते आणि एकमेकांकडं बघून खिदळत होते. पहिल्या रांगेत अण्णांची खुर्ची. त्यांच्याही डोक्याला टोपडं होतं. शीतल आणि अजित एकमेकांकडं पाठ करून, पण शेजारी शेजारी बसले होते.

नियाजनं माईक घेतला. "घरी कुकर लावता ना? शिट्टी हलायला लागली, वर उचलली, की आवाज व्हायच्या आधीच तो कानात वाजतो. वाजतो का नाही?"

"वाजतो!" हॉल म्हणाला.

"हेच आपलं विज्ञान. मेंदू नुसता ऐकत नाही, तो आधीच अंदाज बांधतो. डोळ्यांना ओळखीचं काही दिसलं, की पुढं काय ऐकू येणार हे ऐकण्याच्या केंद्रात उमटायला लागतं, आवाज झाला नाही तरी. मेंदूतल्या पेशी काम करतात तेव्हा त्यातून बारीकशी वीज वाहते आणि विजेबरोबर चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा ते कोट्यवधी पटींनी दुबळं असतं. या टोपड्यातल्या काचेच्या कुप्यांत एका धातूची वाफ आहे. त्या वाफेतल्या अणूंना एवढीशी हालचालसुद्धा कळते. त्यावरून आत कुठला आवाज उमटला, त्याचा ठसा आम्ही काढतो."

"मग एकाच्याच डोक्यातनं काढा की," मागून कुणीतरी म्हणालं. "शीतलच्या डोक्यात तशीबी जागा मोकळी हाय."

हॉल हसला. नियाजही हसला. "एका डोक्यातून नुसती खरखर येते. प्रत्येकाच्या डोक्यात त्या क्षणी शंभर दुसरे आवाज चालू असतात. पण यात्रेत बघा, माणसं आपापलं बोलत असतात तोवर नुसता गलका. सगळ्यांनी एकदम एक घोषणा दिली, की शब्द न् शब्द नदीपलीकडं पोचतो. तसंच इथं. तुमची तीनशे डोकी एकमेकांवर ठेवली, की प्रत्येकाचं जे वेगवेगळं आहे ते एकमेकांना खोडून टाकतं आणि जे सगळ्यांचं सारखं आहे तेवढंच उरतं. आणि त्यासाठी हे धडपडीचं कार्टून म्हणजे सोन्यासारखं! फौजदार दर वेळी त्याच क्षणी, त्याच जागी आपटतो. सगळ्यांची घड्याळं आपोआप जुळतात. फक्त एक करायचं. कुणी ओरडायचं नाही. जबड्याचा स्नायू हलला, की ठसा बिघडतो. जिभा आवळून बसा."

दिवे गेले. पडद्यावर बर्फाच्छादित डोंगर आला, मग एक लाल टोपी आणि टोपीखाली तो करकोचा. हॉलमधून एक उसासा निघाला. नियाजनं परदेशातल्या एका संग्रहालयातून मिळवलेली प्रत इतकी लख्ख होती, की फौजदाराच्या चोचीवरचा चट्टासुद्धा दिसत होता. केबलवर तो कधी कुणाला दिसला नव्हता.

फौजदार दबकत दबकत पुढं आला. बारक्या एका फळीच्या टोकावर बसला होता. फौजदारानं दुसऱ्या टोकावर पाय ठेवला. त्रिशला कडेला उभी राहून पडद्याकडं नाही, माणसांकडं बघत होती. तीनशे माणसांनी एकाच वेळी श्वास रोखला होता. कडोल्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं होतं. बंगळूरहून आलेली बाई खुर्चीत उकिडवी झाली होती, पाय वर घेऊन, जशी ती सात वर्षांची असताना जमिनीवर बसत असेल. फळी उडाली, फौजदाराच्या चोचीवर बसली, तो गरगर फिरला आणि धाडकन हौदात गेला. हॉलमध्ये चकार शब्द निघाला नाही, पण सगळे खदखदत होते, खुर्च्यांचे पाय फरशीवर थरथरत होते, म्हाताऱ्या गालांवरून पाणी वाहत होतं. आपण काय गमावलं हे त्रिशलाला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं, आणि तिला सगळ्यांचा हेवा वाटला.

सगळी कार्टून्स झाली. दिवे लागले. यंत्रानं तीनशे डोकी एकमेकांवर ठेवेपर्यंत चहा आणि चौगुल्यांच्या बेकरीची खारी फिरली. कप खाली ठेवायच्या आत नियाज स्टेजवरून ओरडला, "आलं! ठसा आलाय! असा स्वच्छ ठसा मी जन्मात बघितला नाही! बसा, बसा सगळे!"

पुन्हा पडदा, पुन्हा फौजदार. या वेळी स्पीकरमधून आवाज होता. आधी नुसती बुडबुड, कानात पाणी गेल्यावर ऐकू येते तशी. फौजदारानं फळीवर पाय ठेवला. बुडबुडीत एका पुरुषाच्या आवाजाचा चढ आला, शब्द स्पष्ट झाले, "आता काय हुणार?" मग क्षणभर शांतता. फळी उडाली.

आणि शेकडो पोरांचा एकमुखानं आरडाओरडा हॉलभर घुमला: "आपटला रे, आपटला!"

 मग शीतल चौगुले उभे राहिले. "आरं, हे तर आपण!" ते ओरडले. "आपला आवाज हाय ह्यो! आपण सगळी!"

हॉल उसळला. लोक खुर्च्यांवर चढले, मिठ्या मारायला लागले, रडायला लागले. दर रविवारी अण्णांनी 'आता काय हुणार?' विचारायचं, थांबायचं आणि प्रत्येक घरातल्या, प्रत्येक गल्लीतल्या पोरांनी टीव्हीसमोर बसून हे ओरडायचं. गच्चीवरच्या उघड्या खिडकीतून तो ओरडा ऐकू आला, की अण्णा पुढं बोलायचे. तो ओरडा इतका सगळ्यांचा होता, की आज जिभा आवळून बसलेल्या माणसांच्या डोक्यांतून तो जसाच्या तसा बाहेर आला होता.

पण ओरडा संपला आणि पुन्हा बुडबुड सुरू झाली. दुसऱ्या आपटण्याला तेच झालं, तिसऱ्यालाही. 'आता काय हुणार?' नंतर पोरांचा ओरडा आणि पुढं, जिथं अण्णांनी आपलं बोलायचं तिथं, नुसतं पाणी.

त्रिशला स्टेजवर गेली. "नियाज, अण्णा कुठं आहेत? त्यांचं पुढचं बोलणं कुठं आहे?"

नियाज पडद्यामागच्या आकड्यांत डोकं घालून बसला होता. त्यानं मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "ताई, आपण सगळेच चुकलो. मी तर जास्तच. आपण धरून चाललो, की अण्णा दर वेळी एकच बोलायचे. कारण कॅसेट एकच होती. पण तो एक प्रश्न सोडला, तर अण्णांनी एकही वाक्य दुसऱ्यांदा वापरलेलं नाही. दर रविवारी नवीन! एका रविवारी साबण, एका रविवारी तपास. शीतलदादाही खरा आहे आणि अजितदादाही खरा आहे. सारखं ते ठेवायचं आणि वेगळं ते खोडायचं, हे टोपड्याचं काम. अण्णा सगळेच्या सगळे वेगळे होते, म्हणून ते सगळेच्या सगळे खोडले गेले."

"मग एकेकाचं वेगळं काढ."

"एकेकाची नुसती खरखर, ताई."

खाली शीतल आणि अजित एकमेकांच्या गळ्यात पडले होते.  त्रिशलानं गावभर माणसं हुडकली, फोन केले, हॉल भरला, आणि जे मिळालं ते गावाचं होतं. तिच्या हाती काही लागलं नाही.

"पण हे बघ," नियाजनं तिला बाजूच्या छोट्या पडद्याकडं ओढलं. "हे अण्णांच्या टोपड्यातलं. मघाशी पोरांचा ओरडा वाजला ना, त्याच्या पुढच्या क्षणी उजव्या बाजूला काय झालं बघ." राखाडी चित्रात एक ठिपका लालभडक पेटला होता. "ही बोलायची तयारी आहे. तोंड उघडायच्या आधी असंच होतं. दर ओरड्याला पेटलाय. आणि दर वेळी लगेच विझलाय."

"विझतो कशानं?"

"ते कळत नाही. वाट उघडी आहे, दारापर्यंत येतात आणि परत फिरतात."

त्रिशलानं अण्णांकडं बघितलं. ते पडद्याकडं बघतच नव्हते. फौजदार तिकडं पुन्हा हौदात पडत होता आणि अण्णा खारीचा चुरा धोतरावरून झटकत होते. शाळेत तीस वर्षं काढलेल्या बाईला तो चेहरा ओळखता आला. वर्गातल्या हुशार पोराला पाठ झालेला धडा पुन्हा वाचायला लावला, की तो असाच बसतो. अण्णांना काही आठवायचं नव्हतंच. त्या करकोच्यावर जे बोलण्यासारखं होतं ते सगळं त्यांनी बोलून टाकलं होतं. त्यांना आता नवीन आपटणं हवं होतं.

"दुसरं एखादं कार्टून शोधतो मी," नियाज म्हणाला. "थोडा वेळ लागेल."

पण खाली माणसं टोपड्याचे बंद सोडायला लागली होती. कुणाला बस गाठायची होती. हा ओरडा देणारी तीनशे माणसं पुन्हा एका छपराखाली कधी येणार होती?

त्रिशला माईकजवळ गेली. साडीचा पदर नीट केला, घसा खाकरला. मुख्याध्यापिका माईकपाशी गेल्या म्हणजे आभारप्रदर्शन, हे गावाला जन्मापासून ठाऊक. उठलेली माणसं निमूट खाली बसली.

"उपस्थित मान्यवर," ती आपल्या नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाली, "पुण्याहून आलेले डॉक्टर मुजावर, आणि माझ्या ग्रामस्थ बंधुभगिनींनो. आपण सर्वांनी आपला बहुमोल वेळ दिलात. आता मी आपली रजा घेते आणि स्थानापन्न होते."

मागं खुर्ची होती. तिनं टाचेनं ती हळूच मागं सारली, गुडघ्याच्या दुखण्याचा क्षणभर विचार केला, आणि मग सगळा मान, सगळा रुबाब, बंद गळ्याच्या ब्लाऊजसकट ती मोठ्या थाटात हवेत बसली.

धाडकन आवाज झाला. पाय वर गेले, चष्मा उडाला, एक चप्पल टेबलावरून पलीकडं गेली आणि माईक खरखरत तिच्या अंगावर आडवा झाला.

हॉल गारठला. कुणी हसलं नाही. हसणार कसं? निम्मा हॉल तिच्या धाकात राहिलेला, आणि उरलेल्यांची पोरं तिच्या हाताखाली शिकलेली. "अगं बाई, लागलं का?" असं कुणीतरी पुटपुटलं. नियाज धावत निघाला. त्रिशलानं त्याला हातानं थोपवलं. नुसतं पडून भागणार नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं. पडल्यापडल्या तिनं माईक तोंडाशी ओढला आणि वडिलांच्याच ठेक्यात, आयुष्यात पहिल्यांदा, विचारलं:

"आता काय झालं?"

 मग मागच्या रांगेतून कुणीतरी चाचरत म्हणालं, "आपटली..." आणि चौगुल्यांना राहवलं नाही. "आपटली रे!" पुढच्या क्षणी तीनशे माणसं उभी राहून, टोपड्यांचे बंद लोंबत, छप्पर उडेल अशी ओरडली:

"आपटली रे, आपटली!"

आणि गप्प झाली. कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळी एकदम गप्प झाली. अण्णा बोलेपर्यंत गप्प राहायचं, ही सवय त्यांच्या हाडांत होती. पटांगणातली नातवंडं काय झालं म्हणून खिडक्यांना लोंबकळली.

अण्णा टोपड्यासकट काठीवर भार देऊन उभे राहिले होते. ते स्टेजकडं बघत होते, आणि त्यांचे डोळे असे चमकत होते, की त्रिशलानं तसे ते कधी बघितलेच नव्हते. कारण ते जेव्हा तसे चमकायचे तेव्हा ती मागच्या खोलीत असायची. त्यांचे ओठ हलले, जबडा वाकडा झाला.

"चा... चा..."

 पुन्हा तेच दोन शब्द येणार होते. अण्णांनी मान जोरात हलवली, जणू ते शब्द झटकून टाकले.

"पेटलाय!" नियाज छोट्या पडद्याकडं बघून किंचाळला. "पेटलाय आणि विझत नाही! ताई, विझत नाहीये!"

"बा... बाई," अण्णा म्हणाले. घाम आला होता.  "बाई... पडल्या."

 अण्णांनी हात वर केला, माईक धरावा तसा मुठीत धरला, सगळ्या गावाकडं एकदा नजर फिरवली आणि वाक्य पुरं केलं.

"उद्या... शाळंला... सुट्टी!"

मग जे हसू फुटलं ते पार नदीच्या घाटापर्यंत ऐकू गेलं असेल. खिडकीतली पोरं तर टाळ्या पिटत नाचायला लागली, त्यांना वाटलं खरंच सुट्टी मिळाली. नियाज आकडे सोडून रडत होता. आणि त्रिशला फरशीवर तशीच बसून होती, एका पायात चप्पल, केस सुटलेले, गुडघ्यातून कळ येत होती, आणि ती हसत होती. हे वाक्य अण्णांनी यापूर्वी कधी म्हटलेलं नव्हतं. कुणाच्याही डोक्यात ते साठवलेलं नव्हतं. ते आत्ता, या क्षणी, तिच्याकडं बघून त्यांना सुचलं होतं.

अण्णा अजून मूठ धरून उभे होते. उत्तराची वाट बघत होते.

"दिली, अण्णा!" ती माईकमध्ये ओरडली. "दिली सुट्टी!"